सातव्या दिवसाचा थेंब

सारिकाचं नाव कोणी घेतलं की माझ्या पोटात दुखायचं, हे आधीच सांगून टाकते. पुढे वाचताना मी फार समंजस बाई आहे असा कोणाचा गैरसमज व्हायला नको.

आम्ही दोघी एकाच कामावर होतो. पुण्याच्या एका संस्थेने महाड आणि पोलादपूर तालुक्यांत हिवतापाच्या एका गोळीचा अभ्यास काढला होता. हिवताप ठरला की रुग्णाला तीन दिवस रोज सकाळी गोळ्या द्यायच्या, आणि सातव्या दिवशी बोट टोचून रक्ताचा एक थेंब जाड कागदावर घ्यायचा. कागद वाळवून पुण्याला पाठवायचा. तिथे त्या थेंबात किती औषध उरलंय ते मोजत. मग अभ्यासाच्या प्रमुख, आमच्या मॅडम, सगळ्या रुग्णांचे आकडे संगणकात घालून, गोळी पोटातून रक्तात कशी उतरते आणि किती दिवस टिकते याचं गणित मांडत. मोजायचा एवढासा थेंब, पण त्यावरून किती किलोच्या माणसाला किती गोळ्या द्यायच्या हे ठरणार होतं. मला ते काम मनापासून आवडायचं. त्याआधी मी सहा वर्षं औद्योगिक वसाहतीतल्या औषध कारखान्यात तपासनीस होते. तिथे गोळी डब्यात बंद झाली की आमचा संबंध संपायचा. ती माणसाच्या अंगात गेल्यावर काय करते हे मला पहिल्यांदाच कळत होतं.

महाडकडची गावं माझ्याकडे होती, सव गावाच्या आजूबाजूची आणि वरच्या डोंगरातल्या चार वाड्या. पोलादपूरपासून कशेडीच्या पायथ्यापर्यंतचा भाग सारिकाकडे. मी बीएस्सी, वय चौतीस, माझे कागद आरशासारखे. सारिका सव्वीसची, बारावीनंतर लॅबचा कोर्स केलेली, डोंगरातल्या एका वाडीतली. तिच्या फॉर्मवर कधी हळदीचा डाग, कधी चिखलाचं बोट. पुढच्या दोन वर्षांसाठी अभ्यास चालू राहणार होता, पण माणूस एकच ठेवणार होते. ती जागा माझी आहे असं मी घरी, शेजारी आणि माहेरीसुद्धा सांगून बसले होते. नाहीतर मला पुन्हा कारखान्यात पाळीवर जावं लागलं असतं.

आणि मॅडम मात्र कौतुक करायच्या सारिकाचं. एकदा त्या महाडला आल्या तेव्हा म्हणाल्या, सारिकाचे रुग्ण सातव्या दिवशी स्वतःहून वाट बघत बसलेले असतात. माझे रुग्ण कधी शेतावर, कधी लाकडाला, कधी कोणाच्या बाराव्याला. मी घामाघूम होऊन त्यांना हुडकायची. मॅडमनी हे सहज म्हटलं असेल, पण मला पुढचे चार दिवस जेवण गोड लागलं नाही. नवऱ्याला, किशोरला, मी बोलून दाखवलं तर तो म्हणाला की ती त्यांच्यातलीच आहे, तिला ओळखतात, एवढंच. त्यावर मी त्याच्याशीही दोन दिवस धड बोलले नाही.

गणपती होऊन गेल्यावर पहिले निकाल आले. मॅडमनी आम्हाला महाडच्या ऑफिसात बसवून लॅपटॉपवर एक आलेख दाखवला. एकेक रुग्ण म्हणजे एकेक ठिपका. त्यात दोन ढीग पडले होते, रक्तात औषध जास्त उरलेल्यांचा वर आणि कमी उरलेल्यांचा खाली. वरचे जवळजवळ सगळे सारिकाचे. माझ्या बावीस रुग्णांपैकी चौदा खालच्या ढिगात. माझ्या तिघांना तर ताप उलटला होता, तिच्या एकालाही नाही.

मॅडमनी समजावलं की ही गोळी तेला-तुपात विरघळणारी आहे. उपाशी पोटी घेतली तर बरीचशी तशीच बाहेर पडते. म्हणून तर फॉर्ममध्ये चौथा रकाना होता: खाल्ल्यानंतर गोळी घेतली का. पण माझ्या फॉर्मांवर सगळीकडे बरोबरची खूण होती, एकही रकाना रिकामा नाही. म्हणजे खाण्याचा प्रश्न निकालात निघाला. उरलं काय, तर माझ्या भागातल्या लोकांच्या अंगातच काहीतरी वेगळं असणार. संगणक सांगत होता की तिकडे गोळ्या वाढवाव्या लागतील. मॅडम जरा काळजीत होत्या. गोळ्या वाढवल्या की अशक्त माणसाला उलट्या होतात, कोणाच्या हृदयाचे ठोके बिघडतात. पण आकडे तसंच सांगत असतील तर तसं लिहावं लागेल, अहवाल पुढच्या सोमवारी जायचा आहे, असं म्हणून त्यांनी आम्हाला विचारलं, काही सांगायचंय का. सारिका खाली बघत राहिली. मी म्हटलं, माझे फॉर्म चोख आहेत.

घरी येईपर्यंत माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. तिचेच ठिपके वर कसे? माझी खात्रीच झाली की ती काहीतरी लबाडी करते. जास्तीच्या गोळ्या देत असेल, थेंब सातव्याऐवजी पाचव्या दिवशी घेत असेल. काहीतरी असणारच. माणसाला एकदा असं वाटायला लागलं की पुरावा मिळेपर्यंत चैन पडत नाही.

शनिवारी सकाळी मी स्कूटी काढली आणि थेट कशेडीच्या पायथ्याला गेले. निमित्त म्हणून कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा पिशवीत टाकला. हायवेवरून आत वळून, गाडी शाळेजवळ लावून, पायवाटेने वर चढले. त्या दिवशी सारिका प्रयागबाई नावाच्या एका म्हाताऱ्या रुग्ण बाईकडे होती. मी मागच्या अंगाने, पेंढ्याच्या उडवीआडून पाहिलं. चौतीस वर्षांची, लग्न झालेली, बीएस्सी बाई पेंढ्याआड लपून बघतेय, याची लाज मला आज वाटते. तेव्हा वाटली नाही.

सारिका ओटीवर मांडी घालून बसली होती. तिने पिशवीतून भाकरी काढली, डबीतली शेंगदाण्याची तेलकट चटणी काढली आणि खायला लागली. प्रयागबाई आधी नको नको म्हणत होती. सारिका काही आग्रह करेना, आपली खात राहिली, नि भाकरीचा अर्धा तुकडा तिच्यापुढे ठेवून दिला. शेवटी म्हातारीने तो उचलला. दोघी खाता खाता कोणाच्या तरी लग्नाचं बोलत होत्या. खाणं झाल्यावर सारिकाने गोळ्या दिल्या आणि फॉर्मवर खूण केली.

मला हवं ते सापडलं. रुग्णाच्या घरी काही खायचं नाही, प्यायचं नाही, हा आमचा नियम होता. पहिल्याच दिवशी लेखी दिलेला. मी तो एकदाही मोडला नव्हता. खरं सांगायचं तर नियम नसता तरी मी त्या घरांतून काही घेतलं नसतं. चहा विचारला की 'घेऊनच निघाले' म्हणायचं आणि घरून नेलेल्या बाटलीतलं पाणी प्यायचं. कितीदा तरी मी रिकाम्या पोटी निघालेली असायची आणि तरीही तेच सांगायची.

परत येताना पोलादपूरच्या स्टँडसमोर गाडी थांबवून मी मोबाइलवर तक्रार लिहून काढली. पाठवली मात्र नाही. सोमवारी मॅडम लॅपटॉपवरून बोलायला येतील तेव्हा, सारिकाच्या देखत बोलायचं ठरवलं. त्यात जास्त मजा होती. त्या आनंदात मी घरी येऊन पुरणपोळ्या केल्या. काय विशेष म्हणून किशोरने विचारलं, तर मी हसून उडवून लावलं.

रविवारी दुपारी निरोप आला की चांगूला पुन्हा ताप भरलाय.

चांगू माझा रुग्ण, वरच्या वाडीतला, पन्नाशीचा. ऑगस्टमध्ये त्याला मीच गोळ्या दिल्या होत्या. मी पोचले तेव्हा तो दोन गोधड्या घेऊन भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि दात वाजत होते. भात कापणीला आलेला, आणि घरात कापायला दुसरं कोणी नाही. त्याची बायको ठमाबाई उंबऱ्यात बसली होती. मी त्याचं बोट टोचून तपासणी केली. हिवतापच होता. हा चौथा ताप उलटलेला.

मी वैतागून ठमाबाईला म्हटलं की गोळ्या तर सगळ्या माझ्या डोळ्यांसमोर गिळल्या होत्या, मग असं कसं झालं? तेव्हा काय खाऊन घेतल्या होत्या, ते तरी आठवतंय का?

"काय खाल्लं असंल?" ठमाबाई म्हणाली. "कोरी चाय घेतलीन होती. तुमी यायच्या सात वाजता. भाकर आमची नऊला, गुरं सोडून आल्यावर."

मी म्हटलं, मी रोज विचारत होते. न्याहारी झाली का, म्हणून रोज विचारत होते. तो झाली म्हणायचा.

"मंग काय म्हनंल तो?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी कुठल्या मुलखातून आलेय असं तिला वाटलं असावं. "दारात आलेल्या मानसाला चूल पेटायची हाय असं सांगत्यात होय? तुमच्यात सांगत्यात?"

आमच्यात सांगत नाहीत. माझी आई दोन दिवस उपाशी असली तरी 'आत्ताच जेवले' म्हणेल. नाही म्हटलं तर पाहुण्याला थांबवल्यासारखं होतं, नाहीतर घरात पीठ नाही असं सांगितल्यासारखं. शिवाय नाही म्हटलं की भाकरी टाकायची, आणि पाहुण्यालाही वाढायची. आणि या पाहुणीबाई, म्हणजे मी, तर पाणीसुद्धा घ्यायच्या नाहीत. हे मला जन्मापासून ठाऊक होतं. तरी मी स्कूटीवरून उतरल्या उतरल्या तो प्रश्न टाकायची, उत्तर यायच्या आधीच पेन रकान्यावर टेकवलेलं असायचं, आणि वर माझे कागद आरशासारखे म्हणून मिरवायची. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

मी उंबऱ्यातच बसले. चौदा ठिपके डोळ्यांसमोर आले. त्या माणसांच्या अंगात काही वेगळं नव्हतं. ती नुसती उपाशी होती. आणि माझ्या खुणांवर विश्वास ठेवून उद्या पुण्यात लिहिलं जाणार होतं की या लोकांना जास्त गोळ्या द्या.

मग ठमाबाई सहज म्हणाली, "सारिकाला सांगितलं होतं मी हे. गौरीला आली होती गो ती. मी तिची आत्या लागते ना. तिनं पन हेच इचारलं, काय खाऊन घेतलीन गोळी म्हनून."

गौरी येऊन तीन आठवडे झाले होते. म्हणजे आलेख बघताना सारिका खाली मान घालून बसली होती ती उगाच नाही. तिला माहीत होतं.

डोंगर उतरताना मला आधी काय वाटलं ते सांगते. चांगूबद्दल वाईट वाटलं, ते नंतर. आधी वाटलं, सापडली. नियम मोडून खाण्यापेक्षा हे शंभर पटीने मोठं होतं. रुग्ण आजारी पडेल हे कळूनही ती गप्प बसली होती. माझी चूक अजाणता झालेली, तिची जाणूनबुजून. एवढं सांगितलं की जागा माझी.

सोमवारी मी ऑफिसात लवकर गेले. सारिका लॅपटॉप जोडत होती. मी दार लोटलं, चांगूला पुन्हा ताप आल्याचं सांगितलं आणि सरळ विचारलं की गौरीच्या सणाला आत्याने तुला काय सांगितलं होतं.

तिने नाकारलं नाही. वायर हातात धरून उभी राहिली. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस?

"तुम्हाला कोण सांगणार, ताई?" ती म्हणाली. "मॅडम बोलतात तेव्हा तुम्ही इंग्लिशमध्ये उत्तर देता. मला अर्धं कळत नाय. माझ्या फॉर्मवरचा डाग तुम्ही सगळ्यांना दाखवलात. मला वाटलं, एकदा तरी यांचं चुकू दे. एकदाच. आत्याच्या घरात परत ताप येईल असं खरंच नव्हतं वाटलं."

कसं सांगू, मला आधी बरं वाटलं. ही पोरगी माझ्यावर जळत होती. मी हिच्यावर जळत होते आणि ही माझ्यावर, तेही इतकी की सख्ख्या आत्याच्या नवऱ्याच्या तब्येतीवर तिने पाणी सोडलं. घटकाभर मला मॅडमच्या कौतुकाने जेवढा आनंद झाला नसता तेवढा झाला. मग त्या गोधड्या आठवल्या, वाजणारे दात आठवले, आणि तो आनंद तोंडात कडू झाला. आम्ही दोघींनी मिळून त्याला पाडलं होतं.

तेवढ्यात मॅडम स्क्रीनवर आल्या. अहवालाचा मसुदा तयार आहे, दुपारी पाठवते, असं म्हणाल्या. मी त्यांना मधेच थांबवलं. मराठीतच बोलले. माझ्या चौथ्या रकान्यातल्या खुणा खऱ्या नाहीत. मी विचारलं होतं, पण पाहिलं नव्हतं. माझे बहुतेक रुग्ण नुसत्या चहावर होते. गोळ्या वाढवू नका, त्यांना आधी जेवू घाला. सारिका कसं करते तेही सांगितलं. ती स्वतः खायला बसते, म्हणून माणसं तिच्याबरोबर खातात. नियम मोडते, पण तिचे ठिपके म्हणूनच वर आहेत.

सारिका गौरीपासून गप्प होती, हे मी सांगितलं नाही. ते मोठ्या मनाने गिळलं असं कोणी समजू नये. माझा डाव वेगळा होता. जागा जाणार हे मला दिसत होतं. मग निदान मी तिला वाचवली एवढं तरी माझ्याकडे राहील. ती दोन वर्षं त्या खुर्चीत बसेल आणि रोज तिला आठवेल की ही कोणी सोडलेली खुर्ची आहे. ते मला जागेपेक्षाही गोड वाटत होतं.

मॅडमनी माझ्या रुग्णांचा आकडा पुन्हा विचारून घेतला. नंतर म्हणाल्या की अहवाल थांबवते, माझ्या रुग्णांच्या बाबतीत खाणं माहीत नाही असं धरून गणित पुन्हा मांडते. आणि माझं असं पुढे येऊन सांगणं त्यांना मोलाचं वाटलं, असंही म्हणाल्या. मी मान खाली घातली. आतून मी फुलले होते.

तेव्हा सारिका पुढे झाली.

"मॅडम, मला हे तीन आठवड्यांपूर्वीच कळलं होतं," ती म्हणाली. "मी मुद्दाम सांगितलं नाय. ताईंना खाली बघावं लागेल म्हणून. चांगूमामांना परत ताप आलाय तो माझ्यामुळे पण."

मॅडमनी चष्मा काढला. आम्हा दोघींना त्या जे बोलल्या ते इथे लिहीत नाही. ते आम्हाला लागू होतं. शेवटी म्हणाल्या, एकीलाच ठेवायचं तर रुग्ण जेवताना जिने पाहिलेत तिलाच ठेवावं लागेल. मी महिनाभर सारिकाबरोबर फिरून माझे सगळे बावीस रुग्ण पुन्हा तपासायचे आणि मग मोकळं व्हायचं. आणि डॉक्टरांना विचारून चांगूचं औषध आजच नव्याने सुरू करायचं, दोघींनी जाऊन.

जिन्यावर मी तिला गाठलं. रागाने माझा आवाज फाटला होता. जागा गेली त्याचा तो राग नव्हता. मी म्हटलं, कोणी विचारलं होतं तुला? मी नाव घेतलं नव्हतं ना तुझं? एवढी एक गोष्ट तरी माझी राहू द्यायची होतीस.

सारिका दोन पायऱ्या खाली उभी होती. तिने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"म्हणून तर बोलले," ती म्हणाली. "तुमच्या उपकारात दोन वर्षं बसायचं? त्यापेक्षा मॅडमच्या शिव्या परवडल्या."

मला वाटलं होतं आम्हा दोघींपैकी तिला माणसं कळतात, मला कागद. पण हे मात्र मला तिने न समजावताच कळलं. तिच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं. आम्ही चांगूच्या गोळ्या पिशवीत टाकल्या, माझ्या स्कूटीवर बसलो आणि वरच्या वाडीकडे निघालो.